कॉम्प्युटरचे स्वस्त स्पीकर घेताना आधी मागची बाजू बघा

दुकानात स्पीकर समोर मांडले की नजर पुढच्या जाळीवर, रंगीत दिव्यांवर आणि खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर जाते. पाच हजारांच्या आतल्या स्पीकरची खरी माहिती मात्र मागच्या बाजूला असते: ॲडाप्टरवरची बारीक अक्षरं, वायर जिथून बाहेर येते ती जागा, जॅक, व्हॉल्यूमचं बटण. आवाज कसा असेल याचा बराचसा आणि स्पीकर किती वर्षं चालेल याचा जवळजवळ पूर्ण अंदाज तिथूनच येतो. या किमतीत कोन (हलून आवाज काढणारा पडदा) फाटून किंवा कॉइल (त्याला हलवणारी तारेची गुंडाळी) जळून निकामी होणारे स्पीकर थोडेच. ॲडाप्टर, वायर, जॅक आणि व्हॉल्यूम कंट्रोल यांच्यापायी अडगळीत जाणारेच जास्त.

इथे ज्या स्पीकरबद्दल लिहितोय त्यांच्या आतच ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाजाचा क्षीण सिग्नल मोठा करणारा भाग, असतो. वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा लागत नाही. कॉम्प्युटरची पिन जोडली, वीज दिली की वाजायला लागतात. पहिल्यांदाच घेणार असाल तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

पायरी १: दोन डबे की तीन, हे ठरवा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. २.० म्हणजे डावा-उजवा असे दोनच स्पीकर. २.१ म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि खाली ठेवायचा, फक्त खर्जाचा आवाज देणारा सबवूफर. नवखा माणूस हमखास २.१ कडे ओढला जातो, कारण त्याच पैशात तीन डबे मिळतात आणि दुकानात धडधड छान वाटते.

माझं मत स्पष्ट आहे: तीन हजारांच्या आत २.० घ्या. तेवढेच पैसे तीन डब्यांत वाटले गेले की प्रत्येक डबा हलका होतो. दुसरी अडचण आवाजातली. स्वस्त २.१ मधले बाजूचे स्पीकर इतके लहान असतात की पुरुषाच्या आवाजातला खर्जाचा भाग त्यांना झेपत नाही, म्हणून तो सबवूफरकडे ढकललेला असतो. मग बातम्या सांगणाऱ्याचा आवाज अर्धा टेबलावरून आणि अर्धा पायाखालून येतो. घरातल्या कॉम्प्युटरवर मुलांचे ऑनलाइन तास, मीटिंग, मुलाखती, कीर्तनं असं बरंचसं बोलणंच वाजत असतं. तासभर ऐकलं की हा तुटलेला आवाज कानाला शिणवतो. सिनेमे आणि गेम हाच मुख्य उपयोग असेल तर २.१ जरूर घ्या, पण बजेट थोडं वाढवून.

पायरी २: वॅटचा हिशोब स्वतः करा

खोक्यावर "पीएमपीओ" लिहिलेलं असेल तर तो आकडा मनातून काढून टाका. तो कसा मोजायचा याचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही, त्यामुळे कंपनीला वाटेल तो आकडा छापता येतो. बघायचा आकडा "आरएमएस"चा, म्हणजे स्पीकर सलग देऊ शकतो ती शक्ती. आणि तोही ताडून बघता येतो, कारण आत जेवढी वीज जाते त्याहून जास्त शक्ती सतत बाहेर येऊ शकत नाही.

ॲडाप्टरवर "आउटपुट" या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपियर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार करा. १२ व्होल्ट, १.५ अँपियर असेल तर झाले १८ वॅट. दोन्ही स्पीकर मिळून सलग १८ वॅटच्या वर जाऊ शकत नाहीत, आणि ॲम्प्लिफायरमध्ये उष्णतेपोटी जाणारा वाटा वजा केला तर प्रत्यक्षात आणखी कमी. खोक्यावर ४०० लिहिलेलं असू दे. ॲडाप्टर नसेल, वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये जात असेल, तर डब्याच्या मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ यांच्या शेजारी किती वॅट लिहिलेत ते बघा.

यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरचा हिशोब याहून सोपा. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टला अर्धा अँपियर मिळतो, म्हणजे २.५ वॅट. ३.० च्या निळ्या पोर्टमधून ०.९ अँपियर, म्हणजे ४.५ वॅट. या स्पीकरांत सर्रास दिसणारी पीएएम८४०३ नावाची चिप दर बाजूला ३ वॅट देते असं विक्रेते सांगतात. ते ३ वॅट आवाजात १० टक्के विकृती धरून मोजलेले असतात, आणि १० टक्के विकृती म्हणजे कुणालाही कळेल असा फाटका आवाज.

लहान आकडा छापणारी कंपनी म्हणूनच मला जास्त भरवशाची वाटते. लॉजिटेक आपल्या झेड१२० या यूएसबी जोडीला १.२ वॅट सांगते, क्रिएटिव्ह पहिल्या पेबलला ४.४ वॅट. वरच्या किमतीतला एडिफायरचा आर१२८०टी दर बाजूला २१, असे एकूण ४२ वॅट सांगतो, आणि त्यात ४ इंची वूफर (खालच्या सुरांसाठी) व १३ मिलिमीटरचा ट्वीटर (वरच्या सुरांसाठी) असतो. या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.

मग किती वॅट पुरतात? वॅट दुप्पट केले तर आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, कानाला जेमतेम जाणवेल एवढी. म्हणून १० आणि २० वॅटमधल्या फरकासाठी हजार रुपये जास्त मोजू नका. टेबलासमोर बसून ऐकायला दर बाजूला ३ ते ५ खरे वॅट पुरतात, आणि दहा बाय दहाच्या खोलीत सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायला १० ते १५. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल हा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित धरलाय, आणि टेबलावरचा साधा स्पीकर एका वॅटमध्ये त्याच्या आसपास पोचतो.

पायरी ३: स्पीकर फिरवा आणि मागे बघा

पहिली गोष्ट, वायर. आवाजाची वायर डब्यातून थेट बाहेर आलेली असेल आणि आत कुठे सोल्डर केलेली (वितळवलेल्या धातूने डकवलेली) असेल, तर ती ज्या दिवशी मुळाशी तुटेल त्या दिवशी डबा उघडावा लागेल. त्याऐवजी मागे लाल-पांढरी आरसीए सॉकेट किंवा ३.५ मिलिमीटरचं भोक असेल तर नवी वायर कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातही मिळते. डाव्या-उजव्या स्पीकरला जोडणाऱ्या वायरचंही तसंच. दाबून उघडणाऱ्या क्लिपा सगळ्यात उत्तम, कारण साधी दोन पदरी वायर सोलून त्यात घालता येते. एखाद्या कंपनीचा स्वतःचाच सहा-आठ पिनांचा जोड दिसला तर तो स्पीकर बाजूला ठेवा. ती वायर पुढे मिळणार नाही.

दुसरी, ॲडाप्टर. वेगळा, गोल पिनेचा आणि ५, ९ किंवा १२ व्होल्टचा असेल तर बिघडल्यावर सहज बदलता येतो. त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) नोंदणी चिन्ह आणि "आर" अक्षराने सुरू होणारा क्रमांक असायला हवा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तिथेच तपासता येतो. दुकानदार घाईत असला तरी एवढा एक मिनिट घ्याच, कारण ॲडाप्टरचा संबंध घरातल्या २३० व्होल्टशी आहे.

तिसरी, व्हॉल्यूमचं बटण. ते हळूहळू पूर्ण फिरवा. सगळीकडे सारखं जड लागायला हवं. वर-खाली हलवून बघितलं तर डुगडुगता कामा नये. बटण थेट आतल्या सर्किट बोर्डावर बसवलेलं असतं, आणि ते सैल असेल तर रोजच्या हाताळणीने त्याचं सोल्डर वर्षभरात तडकतं. हेडफोनच्या भोकाचीही हीच कथा.

चौथी, कोनाच्या कडेची लवचीक पट्टी. जाळी निघत असेल किंवा कोन उघडा दिसत असेल तर बघा. गुळगुळीत आणि किंचित चमकणारी पट्टी रबराची. स्पंजासारखी बारीक छिद्रं असलेली, निस्तेज दिसणारी पट्टी फोमची. फोम आपल्या हवेत काही वर्षांत पिठासारखा भुगा होतो. रबर त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. मधल्या गोल टोपीला मात्र बोट लावू नका, ती आत दबली तर सहजासहजी परत बाहेर येत नाही.

दिवे, रिमोट, एफएम, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड या सोयींचे पैसे ड्रायव्हर (कोन आणि कॉइल मिळून होणारा आवाजाचा भाग) आणि ॲम्प्लिफायरच्या वाट्यातूनच कापले जातात. कॉम्प्युटर समोर असताना त्यातलं काहीच लागत नाही. ब्लूटूथ असायला हरकत नाही, मात्र व्हिडिओ बघताना वायरच वापरा. स्वस्त ब्लूटूथमध्ये ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो.

पायरी ४: एक अभंग लावून ऐका

दुकानदार जे लावेल ते ऐकू नका. त्याने निवडलेलं गाणं त्या स्पीकरला शोभणारंच असतं. स्वतःच्या फोनमध्ये चांगल्या प्रतीचं, पूर्वी अनेकदा ऐकलेलं ध्वनिमुद्रण घेऊन जा, आणि सोबत ३.५ मिलिमीटरची वायर. फोनला तसं भोक नसेल तर त्याचा छोटा जोडही न्या.

यासाठी पखवाज-टाळांच्या साथीचा अभंग मला सगळ्यात उपयोगी वाटतो. खालचा, मधला आणि वरचा असे तिन्ही पट्ट्यांतले आवाज त्यात एकाच वेळी, स्वच्छ वेगळे असतात.

आधी फक्त पखवाजाची डावी बाजू ऐका, जिच्यावर कणीक लावलेली असते. तिच्या प्रत्येक थापेला सुरुवात असते, घुमार असतो आणि मग ती विरते. वाईट स्पीकरवर सगळ्या थापा एकाच उंचीच्या "धप्प" ऐकू येतात, कारण डबा स्वतःच्या एकाच सुरात वाजत राहतो. छोट्या २.० स्पीकरमध्ये हा खर्ज कमीच येईल, ते चालेल. कमी पण खरा खर्ज, मोठ्या पण खोट्या खर्जापेक्षा बरा. तबल्याचं ध्वनिमुद्रण असेल तर डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घुमक ऐका. सूर वर चढताना कळला तर स्पीकर चांगला.

मग टाळ. प्रत्येक टाळेचा आघात आणि त्यामागची लांबणारी किणकिण वेगळी ऐकू यायला हवी. "छस्स छस्स" असा वाफेसारखा आवाज येत असेल तर वरच्या पट्टीत विकृती आहे. आणि मग गायक. डोळे मिटा. आवाज दोन डब्यांच्या मधोमध, हवेत उभा राहिल्यासारखा वाटला पाहिजे. "स" आणि "श" कानाला टोचतात का? गाणारा डब्यात तोंड घालून गातोय असं वाटतं का? या दोन प्रश्नांना "नाही" असं उत्तर आलं तर स्पीकर निम्मी परीक्षा पास झाला.

उरलेली निम्मी परीक्षा शांततेची. गाणं थांबवा, बटण पूर्ण खाली करा, कान स्पीकरजवळ न्या. थोडी सूं चालेल, भुणभुण नको. मग गाणं सुरू करून व्हॉल्यूम अगदी कमी ठेवा: दोन्ही बाजू सारख्या वाजतात का? स्वस्त व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये सुरुवातीच्या भागात एक बाजू जवळजवळ गप्प असते, आणि रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला तोच त्रास रोज होतो. शेवटी आवाज पाऊणपट वाढवून डब्याला हात लावा. प्लास्टिकची खडखड हाताला लगेच लागते.

ऑनलाइन मागवत असाल तर याच सगळ्या चाचण्या माल आल्याच्या दिवशी करा, परत पाठवण्याची मुदत संपायच्या आत. खोकं आणि आतला थर्माकोल तोवर टाकू नका.

पायरी ५: बिल आणि वॉरंटी

पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या. सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे का ते विचारा. गडचिरोलीहून नागपूरला स्पीकर नेण्याचा खर्च त्याच्या किमतीला गाठतो. वॉरंटीत ॲडाप्टर धरलाय का हेही बघा, बऱ्याचदा नसतो. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पायरी ६: टेबलावर मांडा

इथे एक पैसाही खर्च न करता आवाज सुधारतो. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण झाला पाहिजे, आणि तोंडं तुमच्याकडे थोडी वळलेली हवीत. ड्रायव्हर कानाच्या उंचीला यायला हवा. ते जमत नसेल तर पुढच्या बाजूखाली खोडरबर ठेवून डबा थोडा वर तोंड करून ठेवा. भिंतीपासून वीतभर अंतर राहू द्या. भिंतीला चिकटवले किंवा शोकेसच्या कप्प्यात कोंबले तर खर्ज फुगतो आणि बोलणं अस्पष्ट होतं. सबवूफर जमिनीवर ठेवा, पण अगदी कोपऱ्यात नको, आणि त्याचा बेस आधी निम्म्याच्या खालीच ठेवून एक आठवडा ऐका.

पायरी ७: जोडणी आणि भुणभुण

कॉम्प्युटरमधला आवाज ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि रोजचं कमी-जास्त स्पीकरच्या बटणाने करा. उलटं केलं, म्हणजे कॉम्प्युटर कमी आणि स्पीकर पूर्ण, तर ॲम्प्लिफायरची सूं वाढते. आवाज फाटायला लागला की तिथेच थांबा. फाटका आवाज सतत वाजवल्यानेच ट्वीटर जळतात. सुरू करताना आधी कॉम्प्युटर, मग स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर.

भुणभुण येत असेल तर कारण शोधायचा सोपा क्रम आहे. कॉम्प्युटरकडची पिन काढा. तरीही भुणभुण राहिली तर दोष स्पीकरच्या वीजपुरवठ्यात, म्हणजे ॲडाप्टर किंवा आतले कपॅसिटर (वीज साठवून ती एकसारखी करणारे भाग). पिन काढल्यावर थांबली तर पिन परत लावा आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आता थांबली तर हा अर्थिंगचा घोळ आहे. दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावल्याने तो बऱ्याचदा मिटतो. नाही मिटला तर "ग्राउंड लूप आयसोलेटर" नावाची छोटी डबी वायरीच्या मधे बसवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत ती सहज मिळते. चार्जरची जाड अर्थिंगची पिन मोडून भुणभुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी असते.

पायरी ८: आपली हवा, आपली वीज

पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात कागदी कोन ओल धरतात आणि जॅकवर हिरवट थर चढतो. उपाय साधा: स्पीकर रोज थोडा वेळ वाजवत राहा. चालू ॲम्प्लिफायरच्या उबेने आतली ओल कमी होते. चार महिने झाकून ठेवलेला स्पीकर जास्त खराब होतो. ठेवायचाच असेल तर पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घाला.

विदर्भात उलट अडचण. ॲम्प्लिफायरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्म्यावर येतं. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतला स्पीकर आतून किती तापत असेल याचा विचार करा. त्याला सावलीत हलवा, वर कापड टाकू नका आणि मागची जाळी मोकळी ठेवा.

वीज जाऊन येते तेव्हाचा झटका ॲडाप्टरला सगळ्यात वाईट, म्हणून वीज गेली की स्पीकरचं भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावा. काही स्पीकरांत पुढचं बटण बंद केलं तरी आतला ट्रान्सफॉर्मर चालूच राहतो, त्यांनाही हीच सवय उपयोगी. सबवूफरच्या गोल भोकातून झुरळं आणि पाली आत शिरतात आणि सर्किटवर मरून शॉर्ट करतात. भोकाच्या तोंडाशी मच्छरदाणीचा तुकडा ताणून लावला तर आवाजात ऐकू येण्यासारखा फरक पडत नाही.

पायरी ९: बिघडलं तर

बटण फिरवताना खरखर येते? प्लग काढा, बटणाच्या दांड्याच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा, वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा, सुकू द्या. शिलाई मशीनचं तेल घालू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्याला धूळ चिकटून खरखर दुप्पट होते.

एक बाजू बंद पडली तर आधी वायर बदला, मग डावी-उजवी अदलाबदल करून बघा. बऱ्याचदा तिथेच सुटतं. स्पीकर अजिबात सुरू होत नसेल तर ॲडाप्टर. नवा घेताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि मधली पिन धन की ऋण हे ॲडाप्टरवरच्या छोट्या चित्रावरून जुळवून घ्या. १२ च्या जागी १९ व्होल्टचा लॅपटॉपचा चार्जर लावला की ॲम्प्लिफायर गेलाच समजा.

भिंतीतून थेट वीज घेणारा सबवूफरचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. जवळच्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे न्या. फुगलेले कपॅसिटर किंवा तडकलेलं सोल्डर हे त्याच्यासाठी अर्ध्या तासाचं काम. दुरुस्ती किमतीच्या तिसऱ्या हिश्शात बसत असेल तर जरूर करा. ड्रायव्हर बदलायचा झाला तर जुन्याच्या मागे छापलेले ओहम (विजेला होणाऱ्या विरोधाचा आकडा) आणि त्याचा व्यास लिहून न्या. ४ ओहमच्या जागी ८ चा बसवला तर आवाज थोडा कमी येईल, एवढंच. ८ च्या जागी ४ चा बसवला तर ॲम्प्लिफायर तापून जळू शकतो.